माया ठेवून जोडलेला कॉम्प्युटर

प्रिय आई,

तुझ्यावर रागावले आहे, म्हणून लिहायला बसले. घाबरू नकोस, फार नाही. भाजीत गुपचूप दोडका घातलास की मी फुगायचे ना, तेवढंच. पण तू तिकडे निवांत, आणि हा राग बाबांवर काढण्यात काही अर्थ नाही. मग सांगायचं कुणाला?

झालं असं. आम्ही मार्चमध्ये गुडगावच्याच दुसऱ्या टोकाला नव्या टॉवरमध्ये राहायला आलो. ईराची शाळा बदलली, ओळखीच्या मुली सुटल्या, आणि तुझी नात गप्प गप्प झाली. मग एक दिवस म्हणाली, मला गेमचा कन्सोल हवा, इथे सगळ्यांकडे आहे. तो टीव्हीला जोडायचा तयार डबा गं. मी म्हटलं, डबा नको, कॉम्प्युटर घेऊ. आपल्या हातानं जोडू, आणि तुझ्या त्या डब्यापेक्षा भारी चालवून दाखवीन.

रविवारी आम्ही दोघी लॅपटॉपवर एकेक भाग निवडत बसलो होतो. बाबा त्यांच्या खुर्चीत. ईरानं एक इवलंसं, गोंडस कॅबिनेट पसंत केलं, ज्यात आजचं सामान कसंबसं मावेल. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, जरा माया ठेव की!"

ईरानं वर बघितलं आणि विचारलं, "माया कौन, मम्मा?"

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी प्यायले, चष्मा पुसला आणि मग सहज म्हणावं तसं म्हणाले, "स्वाते, आपला तो पहिला कॉम्प्युटर कशाला घेतला होता, माहितीय ना तुला?"

मी म्हटलं, अभ्यासाला. दुसरं काय?

"अभ्यासाला कसला! तुझ्या आईनं त्या डिंपलच्या घरी तुझ्या रिमोटची वायर बघितली होती."

म्हणजे तू बघितलं होतंस! इतकी वर्षं पोटात ठेवलंस, आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस? ह्याचा राग आलाय मला.

तुला आठवत असेल, बाबा सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि मानेसरच्या मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागले, तेव्हाची गोष्ट. कॅन्टोन्मेंटचं क्वार्टर सुटलं आणि आपण गुडगावच्या फ्लॅटमध्ये आलो. तिथे कुणाच्याही घरात न विचारता शिरायची सवय, आणि इथे प्रत्येक दाराला पीपहोल. चारी बाजूंनी माती उकरलेली, नव्या बिल्डिंगा उभ्या राहत होत्या, आणि बाबा उजाडायच्या आत कंपनीच्या बसनं निघून जायचे. मी तेरा वर्षांची. खाली खेळायला जावं तर मुली आपापल्या घोळक्यात.

त्यातल्या त्यात वरच्या मजल्यावरची डिंपल बोलायची. तिच्या मामांनी दुबईहून टीव्ही गेम आणला होता. तो हातात धरून खेळायचा कंट्रोलर, त्याला आम्ही सगळी पोरं रिमोट म्हणायचो. त्या डब्याला दोनच रिमोट जोडता यायचे, पण डिंपलकडे तिसराही होता, जास्तीचा. मी गेले की ती तो माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "तू भी खेल." टीव्हीवर गाड्या पळायच्या. मी बटणं दाबायचे. माझ्या रिमोटची वायर सोफ्याखाली नुसती पडलेली असायची.

बाबांच्या बोलण्यावरून कळलं, तुला वाटायचं की पोरीला फसवतात आणि तिला पत्ताच नाही. आई गं! मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी काय इतकी बावळट होते का? पण तिथे बसायला मिळत होतं, सगळ्या ओरडल्या की मलाही ओरडता येत होतं. घरी येऊन एकटीनं खिडकीतून सिमेंटच्या गाड्या मोजण्यापेक्षा ते बरं होतं.

आणि ऐक, हे तर तुला मुळीच माहीत नसेल. तू जेवायला बोलवायला दारात आलीस ना, की मी बटणं जास्तच जोरात दाबायचे. तुला वाटावं, आपली पोरगी मजेत खेळतेय म्हणून. तू तिकडे मला कळू नये म्हणून गप्प, आणि मी इकडे तुला कळू नये म्हणून बटणं दाबतेय. काय म्हणावं आपल्याला!

बाबा म्हणाले, त्यांनी तुला सुचवलं होतं की पोरीला सांग, जाऊ नको त्यांच्याकडे. तर तू म्हणालीस, "नको. तिला वाटेल, आईनं आपल्याला तसं बसलेलं पाहिलं."

हे ऐकल्यावर मी जरा वेळ स्वयंपाकघरात जाऊन आले. ईराला सांगितलं, कांदा चिरत होते.

मग तू जाहीर केलंस की घरात कॉम्प्युटर येणार. अभ्यासाला! मी नाचले, आणि लगेच म्हटलं की त्यापेक्षा डिंपलसारखा डबा घे, स्वस्तात पडेल. तू मशीनवर कुणाचा तरी ब्लाऊज शिवत होतीस. चष्म्यावरून बघून म्हणालीस, त्या डब्याला शिवणच नाही, उद्या घट्ट झाला तर उसवायचा कुठून?

तुझं सगळं जग शिवणीतच होतं. माझ्या शाळेच्या स्कर्टला आत हातभर कापड दुमडलेलं असायचं, कुर्त्याला दोन्ही बाजूंनी. मी वाढले की तू उसवायचीस. खाली नव्या कापडाची गडद पट्टी दिसायची आणि वर्गात सगळ्यांना कळायचं, स्वाती उंच झाली. मला त्या पट्टीची इतकी लाज वाटायची! पण तू प्रत्येक गिऱ्हाइकाला अभिमानानं सांगायचीस, "माया भरपूर ठेवलीय हं, काळजी करू नका." इकडच्या बायका हसून मान डोलवायच्या. त्यांना काय कळायचं, देव जाणे.

नेहरू प्लेसला गेलो तो दिवस आठवतो? तुझी भिशी लागली होती. पर्स तू पदराखाली धरलेली, आणि फरशीवर सीडी पसरून बसलेल्यांना ओलांडत, जिना चढून आपण गुलाटींच्या दुकानात शिरलो. दुकान कसलं, आपल्या न्हाणीघराएवढी खोली, छतापर्यंत खोकी. गुलाटी फार गोड माणूस. त्यांनी तुला स्टूल दिलं, मला कोल्ड ड्रिंक मागवलं आणि विचारलं, किस काम के लिए चाहिए. तू म्हणालीस अभ्यासासाठी, पण त्यावर मोटारी पळाल्या पाहिजेत, वरच्या मजल्यावरच्यांपेक्षा जोरात. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं गं.

त्यांनी कागदावर भाव लिहिले, तू घासाघीस केलीस. मग पर्स उघडलीस, ॲडव्हान्सच्या नोटा काउंटरवर ठेवल्यास आणि आपल्या सातारी हिंदीत बजावलंस, "भैया, माया रखो हां. पूरी माया रखो."

गुलाटींनी नोटा उचलून गल्ल्यात टाकल्या आणि म्हणाले, "रख ली जी, रख ली."

येताना बसमध्ये तू इतकी खूश होतीस! माणूस भला आहे म्हणालीस, एकदा सांगितलं तर लगेच हो म्हणाला.

आता त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, आपल्याकडे शिवणीत सोडलेल्या जादा कापडाला माया म्हणतात? त्यांच्या पंजाबीत माया म्हणजे पैसा. तू पैसे ठेवलेस, त्यांनी ठेवून घेतले. दोघंही खूश.

कॉम्प्युटर आला. डिंपलला आणि इतर दोघींना मी मोठ्या तोऱ्यात बोलावलं. मोटारीचा गेम लावला, एका मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीतला. गाडी दोन पावलं पळायची, थांबायची, पुन्हा उडी मारायची, जशी काही उचकी लागलीय. डिंपल म्हणाली, "यार, इससे अच्छा तो मेरा है." आणि खरंच होतं ते, काय बोलणार? डबा लावला की चालायचा, आपला कॉम्प्युटर धापा टाकायचा. सगळ्या जिन्यानं वर निघून गेल्या. त्या दिवशी मी जेवले नाही.

तू सरळ उठलीस. बाबांच्या हत्यारांतला स्क्रूड्रायव्हर आणलास. बाबा म्हणत राहिले, उघडू नका, वॉरंटी जाईल. तू म्हणालीस, आत काय शिवलंय ते बघू तर दे. कॅबिनेटचा पत्रा काढलास आणि आपण दोघी डोकं घालून बघत बसलो. गुलाटींनी समजावलं होतं, चित्रं भराभर हलायला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, ते नंतर खोचता येतं. तू ते खोचायची जागा शोधत होतीस. मदरबोर्डवर ती जागाच नव्हती. सगळं आधीच चिकटवलेलं, पुढे काही घालायची सोयच नाही.

"बघ," तू म्हणालीस, "काठोकाठ शिवलंय."

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून आपण परत नेहरू प्लेसला. ऑटोमध्ये कॅबिनेट तुझ्या मांडीवर, तुझ्या जुन्या साडीत गुंडाळलेलं. दुकानात शिरल्या शिरल्या तू म्हणालीस, मैंने आपको बोला था ना, माया रखो. गुलाटी गोंधळून म्हणाले, मॅडम, माया तर मी ठेवली, पावतीसुद्धा दिलीय. तू म्हणालीस कुठे ठेवली, दाखवा. ते म्हणाले गल्ल्यात. तू म्हणालीस गल्ल्यात कशाला, ह्याच्यात ठेवायची होती. दुकानातले सगळे लोक आपल्याकडे बघायला लागले.

आणि मग तू जे केलंस, आई, त्याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही. मला दंडाला धरून पुढे ओढलंस, माझ्या कुर्त्याची बाजूची शिवण सर्रकन उलटी केलीस आणि आतली पट्टी बोटात धरून म्हणालीस, "ये! ये माया! बच्ची बड़ी होगी तो खोलने का."

मला वाटलं, फरशी दुभंगावी आणि मी तळमजल्यावर जावं. पण गुलाटींचा चेहरा असा काही उजळला! म्हणाले, अच्छा जी, मार्जिन! तो मार्जिन बोलो ना.

तू म्हणालीस, "मार्जिन आपका होता है, भैया. माया मेरी."

ते हसत हसत आत गेले आणि दुसरा बोर्ड घेऊन आले. कार्डाला जागा असलेला, रॅमला दोन रिकाम्या खाचा असलेला. तू प्रत्येक रिकामी जागा बोटानं चाचपून बघितलीस. त्या वेळी कार्ड घेणं आपल्याला झेपणारं नव्हतं, तू म्हणालीस पुढच्या भिशीला बघू, आत्ता जागा तर असू दे. मला तेव्हा वाटलं, रिकाम्या खाचांचे पैसे देणारी ही जगातली एकमेव बाई.

पण तुझंही सगळं बरोबर नसायचं हं! दसऱ्याला तू कॅबिनेटला हळदकुंकू लावलंस आणि झेंडूची फुलं अशी मन लावून वाहिलीस की सीडीच्या खणातून पाकळ्या निघत होत्या. मग त्याला झालर लावलेलं गुलाबी कव्हर शिवलंस आणि धूळ बसते म्हणून कॉम्प्युटर चालू असतानाही ते काढू देईनास. पंख्याचं तोंड बंद, आत भट्टी. दर अर्ध्या तासानं मशीन आपोआप बंद पडायचं आणि तू म्हणायचीस, लाइट गेली वाटतं. शेवटी बाबांनी कव्हरला मागे भोक पाडलं. तू त्या भोकालाही काज करून दिलंस.

दिवाळीनंतर कार्ड आलं. ते आपण दोघींनीच बसवलं, कट्ट असा आवाज झाला आणि तू दचकून म्हणालीस, मोडलं वाटतं! काही मोडलं नव्हतं. गाडी अशी सुटली की मी पहिल्याच वळणावर कठड्याला धडकले. रस्त्याकडेच्या झाडांची पानं दिसत होती, काचेवर आभाळ दिसत होतं. डिंपलच्या डब्यात झाडं म्हणजे नुसते हिरवे ठोकळे.

बातमी वर पोचलीच. त्याच रविवारी डिंपल आली, मागोमाग बाकीच्या. माझ्याकडे दोन गेमपॅड होते, एक नवा आणि एक गुलाटींनी सद्भावनेनं दिलेला. मी सगळी तयारी करून ठेवली होती, आई. नवा पॅड माझ्या हातात. दुसरा डिंपलला दिला आणि म्हटलं, "तू भी खेल." त्याची वायर मी आधीच मागून काढून ठेवली होती.

तू थालीपिठाची ताटली घेऊन आलीस. दारात थांबलीस. डिंपल बटणं दाबत होती, तिची गाडी जागची हलत नव्हती. तू ताटली खाली ठेवलीस, कॅबिनेटच्या मागे हात घातलास, वायर खोचलीस आणि म्हणालीस, "बेटा, तुम्हारा तार निकल गया था. अब चलाओ."

मग माझ्याकडे बघितलंस. एकदाच. रागानं नाही. बाबांचं बोलणं ऐकल्यापासून मला ती नजर सारखी आठवतेय. त्या घटकेला तुला कळलं ना, की मला सगळं माहीत होतं? डिंपलकडे मी कशी बसायचे, ते मला ठाऊक होतं, हे तुला कळलं. म्हणूनच तू माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेलीस. मला वाटलं होतं, हाताचं तेल पुसतेय.

आणि डिंपल जिंकली! माझ्याच घरी, माझ्याच कॉम्प्युटरवर. एक डाव तरी तिला तशीच बसू द्यायची होतीस, यार आई! एक डाव!

पण त्यानंतर ती रोज यायला लागली. तुझा कायदा एकच होता, जो आला त्याची पाळी झाली पाहिजे, आणि पाळी न घेता कुणी घरी जायचं नाही. पुढे तिच्या डब्याचे गेम मिळेनासे झाले, नवे गेम त्यात चालेनात, नवा डबाच घ्यायला हवा होता. तो माळ्यावर गेला. आपल्याकडे मात्र दर दिवाळीला काहीतरी बदलायचं. एका वर्षी रॅम, एका वर्षी मोठी डिस्क, मग चांगलं कार्ड. मी कॉलेजात गेले तेव्हा आत मूळचं फारसं काही उरलं नव्हतं, तरी तू पाहुण्यांना सांगायचीस, हा तोच कॉम्प्युटर.

दुपारी कुणी नसलं की दुसरा पॅड तू हातात घ्यायचीस. वळण आलं की गाडी राहायची बाजूला, तूच सोफ्यावर कलंडायचीस. सिग्नल नसताना थांबायचीस. एकदा उलट्या दिशेनं पूर्ण रस्ता फिरून आलीस आणि म्हणालीस, इकडून गर्दी कमी आहे. मी इतकी हसायचे की माझीही गाडी खड्ड्यात. किती चांगले दिवस होते गं ते.

डिंपल आता कॅनडात आहे. तू गेल्याचं कळलं तेव्हा तिचा फोन आला होता. रडत रडत म्हणाली, "आंटी के घर किसी की बारी नहीं छूटती थी." वायरीचं तिला काही आठवत नाही. मीही आठवण करून दिली नाही.

तर माझा राग एवढाच होता, आणि बघ, लिहिता लिहिता गेलासुद्धा. तू तेव्हा बोलली असतीस तर मी खरंच वर जायची थांबले असते, आणि घरात तोंड लपवून बसले असते. तुला मी बरोबर कळले होते.

काल ईराचा कॉम्प्युटर जोडून झाला. मोठं कॅबिनेट घेतलं, आत भरपूर जागा. साधंसंच कार्ड घातलंय, पुढे बदलू. हे तिला पटलंय, फक्त ती त्याला माया म्हणत नाही, हेडरूम म्हणते. म्हणू दे. बाबांनी खुर्चीतून हुकूम सोडले, स्क्रू मोजले, आणि सुरू झाल्यावर सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या त्यांनीच वाजवल्या. ईरा कित्येक दिवसांनी खळखळून हसली.

आज संध्याकाळी तिच्या नव्या सोसायटीतल्या मुली पहिल्यांदा घरी येणार आहेत. सकाळपासून तिनं तीनदा केस विंचरले. मी थालीपिठाची भाजणी काढून ठेवली आहे.

एक गोष्ट मात्र बदललीय, आई. हल्ली गेमपॅडला वायरच नसते. दारात उभं राहून कळतच नाही, पोरगी खरंच खेळतेय की नुसती बटणं दाबतेय. म्हणून तुला वचन देते, मी दारात थांबणार नाही. आत जाईन, तिच्या शेजारी खाली सतरंजीवर बसेन, आणि म्हणेन, मलाही एक पाळी द्या.

तुझी,
स्वाती